डालग्याखालचा ठसा

ता. ९ बहमन, सन १३३१ फसली. आवरखेड

सरकारी रोजनामचा मी रोज लिहितो, तो वेगळा. वडील गेले आणि पोलीस पाटीलकीचा शिक्का माझ्या हातात आला, त्याला आठ महिने झाले. वडिलांचे जुने रोजनामचे चाळले, तर चाळीस वर्षं पानोपानी एकच ओळ: गावात अमन आहे. वाचणाऱ्याला वाटेल, आवरखेडात कुणी कुणाला कधी शिवीसुद्धा दिली नाही.

ही वही माझी स्वतःची. युसूफ वडगावच्या बाजारातून आणली. हिच्यात जे दिसेल ते लिहायचं, असं ठरवलं आहे. आईने विचारलं, "दोन दोन वह्या कावून रे गहिनी?" म्हटलं, एक सरकारला, एक मला. "मग सरकारला काय लबाड लिवतोस?"  आई बहमन-बिहमन मानत नाही, तिच्या लेखी हा मार्गशीर्षच.

धुळाजी धनगराला निरोप धाडला की मेंढरं माळावरून काढ आणि ओढ्याकाठच्या पट्टीत बसव. त्या पट्टीला खत पाहिजे. धुळाजी दरसाल आष्टीकडून दोनशे मेंढरं घेऊन येतो. आमच्या वावराला खत मिळतं, त्याला ज्वारी. चालता चालता चातीवर लोकर कातत असतो, त्याचे हात कधी रिकामे पाहिले नाहीत. बोलणं मात्र नावाला. दोघांचं मिळून त्याची बायको मनकर्णाच बोलते.

ता. १२ बहमन

आज पाटील झाल्यासारखं वाटलं.

घाटनांदूरच्या राधाकिशन यांची देवणी बैलजोडी परवा चोरीला गेली. माग काढत काढत माणसं गावोगाव आली. आपल्याकडची रीत अशी की, माग ज्या गावच्या शिवेवर येईल त्या गावच्या पाटलाने तो ताब्यात घ्यायचा, पावती लिहून द्यायची आणि पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. पुढे नेता आला नाही तर त्या गावाने चोर तरी द्यावा, नाहीतर बैल तरी भरून द्यावेत. हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नसेल, पण तालुक्याचे पोलीस अमीनसाहेबसुद्धा मानतात.

सकाळीच तांबळदऱ्याचे पाटील सुंदरराव यांचा निरोप आला: माग तुमच्या शिवेवर आलाय, पावती घेऊन या. तांबळदरा आमच्या उगवतीला, मधे ओढा. ओढ्याच्या वाळूत त्यांनी एका ठशावर डालगं पालथं घालून ठेवलं होतं, वाऱ्याने किंवा शेळ्यांनी मोडू नये म्हणून. सुंदरराव वडिलांचे जुने स्नेही. साठीचे आहेत, मिशा पांढऱ्याशुभ्र. मला पाहताच उठून पाठीवर हात ठेवला.

"ये गहिनी, ये. तुज्या बापानं असल्या किती पावत्या दिल्या मला. बस, आदी खा."

यंदाचा पहिला हुरडा त्यांनी फडक्यात बांधून आणला होता, शेंगदाण्याच्या चटणीसकट. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी हुरडा घेऊन बसतो, याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

डालगं उचललं. ठसा लख्ख. राधाकिशन यांच्या माणसाने सांगितलेली खूण बरोबर होती: पुढच्या डाव्या खुराला ठोकलेली बाहेरची पत्री अर्धी तुटलेली. ऊन समोरून येत होतं, त्यामुळे वाळूच्या कडा चमकत होत्या. खुराची टोकं उगवतीकडे. मी ठशाचं चित्र इथे काढून ठेवतो, शेजारी ओढा आणि वर आलेला सूर्य. चित्र बरं जमलं आहे.

गावाची राखण करणारा आमचा जागल्या म्हाळू माग काढण्यात हुशार. तो वाकून बघत होता. म्हणाला, "पाटील, जरा ह्या अंगाला येऊन बघा की."

सुंदरराव ओरडले, "तू मागं सर बे! पाटलाला शिकवतोस व्हय?"

मी पावती लिहून सही केली. डालगं घेऊन उठताना सुंदररावांचा पाय नेमका ठशावर पडला. "अरारा," म्हणाले, आणि फार हळहळले.

तिथून पुढे मात्र म्हाळूने दोनदा पट्टी पालथी घातली तरी माग लागला नाही. धुळाजीची मेंढरं दोन दिवस तिथेच बसलेली. सगळी जमीन खळ्यासारखी तुडवलेली.

ता. १३ बहमन

चावडीवर सगळं गाव जमलं. माग आमच्या शिवारात जिरला, म्हणजे बैल भरून देणं आमच्या गावावर आलं. चोर कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण कोण असलेला बरा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुळाजी परमुलखातला. त्याच्याच मेंढरांनी माग मोडला. मुद्दाम मोडला असणार.

मी पंचनामा लिहिला: "माग मजसमक्ष धुळाजीच्या वाघरीपर्यंत गेला व तेथे जिरला." वाघर म्हणजे त्याच्या मेंढरांभोवतीची जाळी. माग तिथपर्यंत गेलेला मी पाहिला नव्हता. पण दुसरीकडे कुठे गेलेलाही पाहिला नव्हता. दोन पंचांचे अंगठे घेतले. त्यांना वाचून दाखवलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

दुपारी चौकीचे शिपाई आले आणि धुळाजीला घेऊन गेले. चाती कमरेला खोचून तो उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "पाटील, मेंढरं तुमीच हितं बसवा म्हनलात."

मी म्हटलं, घाबरू नकोस, चौकशी होईल, चार दिवसांत सुटशील. मला तसं वाटतंही. त्यासाठीच तर कोर्टकचेरी आहे.

ता. १४ बहमन

सरकारी रोजनामच्यात लिहिलं: चोर धरून दिला. गावात अमन आहे.

सुंदररावांनी गुळाची ढेप पाठवली. आईने ती उंबऱ्याच्या आत घेतली नाही, ओट्यावरच ठेवली. मुंग्या लागतील म्हटलं, तर म्हणाली, "लागू दे."

ता. २१ बहमन

तालुक्याला जाऊन आलो. चार दिवस म्हटलं होतं, आठ झाले.

अमीनसाहेब खुर्चीत बसले की खुर्ची कुरकुरते, उठले की शिपाई कुरकुरतात. माझ्यावर खूश होते. म्हणाले, मिसल, म्हणजे खटल्याच्या कागदांची चळत, तयार आहे, आता खटला मुन्सिफांपुढे चालेल. यंदाच्या नव्या हुकमाने तहसीलदारांकडचे फौजदारी खटले मुन्सिफांकडे गेले. वसूल एकाने करावा, न्याय दुसऱ्याने. अमीनसाहेबांना ही नवी तऱ्हा पसंत नाही. नवा मुन्सिफ कागद फार वाचतो, म्हणाले.

मी माझा कागद बघायला मागितला. मोडीतल्या माझ्या चार ओळींचं उर्दूत दीड पान झालेलं. कारकुनाने वाचून दाखवलं. पाटलाने स्वतः पाऊल न पाऊल माग काढला. वाघरीजवळ बैलांचं ताजं शेण सापडलं. आरोपी पाटलाला पाहून पळू लागला. यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. तसं म्हणालो.

"पाटील," अमीनसाहेब हसले, "बुनियाद तुम डाले, दीवार हम उठाए. सही तो तुम्हारीच है ना?"

धुळाजीची कबुलीही मिसलीला लावलेली आहे. खाली अंगठा, पण फासटलेला, नीट उमटलेला नाही.

हवालातीत त्याला भाकरी दिली. थंडी फार होती, डावा हात त्याने घोंगडीतून बाहेर काढलाच नाही. भाकरी मांडीवर ठेवून एका हाताने तोडत होता. मी विचारलं, "कबुली कावून दिलीस?"

"दिली."

"मग बैल कुठं हाईत?"

"त्येच त्यास्नी सांगता येईना, पाटील. ठावं असतं तर पैल्याच दिशी सांगितलं असतं."

ता. २२ बहमन

कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. चोराला बैल कुठे आहेत ते माहीत असतं.

ता. २६ बहमन

मनकर्णा दारात आली. बारा-तेरा दिवसांत तिचं तोंड वाळून गेलं आहे. दोनशे मेंढरं एकटी राखते. लांडग्याने दोन कोकरं नेली. मला वाटलं, रडेल. ती भांडायलाच आली होती.

"पाटील, मी अडानी हाय, मला समजावून सांगा. मेंढरात कोकरू लपंल. बैल लपतोय व्हय? दोन बैल! कुनी बगितले? दावं सापडलं? घुंगरू सापडलं? तुमी सोता बगितलं म्हून लिवलंय म्हनं. काय बगितलं?"

मी म्हटलं, कोर्टात काय ते होईल.

"कोर्टात कोन हाय? तितं तुमचाच कागद हाय."

आई आतून ऐकत होती. तिने मनकर्णाला भाकरी दिली आणि सुंदररावांची गुळाची ढेप, मुंग्या झटकून, तिच्या पदरात घातली. 

ता. २८ बहमन

आज जे कळलं ते नीट, क्रमाने लिहितो.

राधाकिशन यांचं पत्र आलं. बाजारात बैल दिसले तर ओळखायला हवेत, म्हणून तुटकी पत्री ठशात नेमकी कशी उमटली होती ते लिहून पाठवा, असं. दुपारी ओट्यावर बसून या वहीतलं १२ तारखेचं पान उघडलं. माझंच चित्र. खूर, ओढा, सूर्य. खुराची टोकं सूर्याकडे.

बैलाच्या खुराची टोकं बैल जिकडे चालतो तिकडे असतात. हे पोरालाही कळतं. सूर्य तांबळदऱ्यावर उगवतो. म्हणजे तो बैल आमच्या गावात येत नव्हता. आमच्या शिवेवरून तांबळदऱ्याकडे परत चालला होता. आणि मी समोर बसून, ऊन अंगावर घेत, हुरडा खात, त्याच्या येण्याची पावती लिहून दिली.

पान चारदा वाचलं. टोकं उगवतीकडे, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. लाज वाटली. इतकी की आईसमोर जेवायला बसवेना.

ता. २९ बहमन

सकाळी आमचा बैल आणि म्हाळूला घेऊन ओढ्यावर गेलो. बैलाला वाळूत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालवलं. शंकेला जागाच राहिली नाही.

म्हाळू ठशांकडे बघतसुद्धा नव्हता. म्हणाला, "मला कशाला दावता? मी त्याच दिशी म्हनलं, ह्या अंगाला येऊन बघा."

मग त्याने सगळं सांगितलं. बैल ओढ्यापर्यंत आणले, पाणी पाजलं आणि वळवून तांबळदऱ्यात नेले. पलीकडच्या काठाला, वीस पावलांवर, परतीचा माग होता. त्याच्यावरून बाभळीचा फास, म्हणजे काटेरी फांदी, ओढून तो पुसला होता. फासाचे ओरखडे म्हाळूने पाहिले होते.

"मग सांगितलं कावून न्हाईस, म्हाळू?"

"कुनाला सांगू? तुमी हुरडा खात हुता."

पुढे म्हणाला, "आन् पंचनाम्यावर माजा अंगठा मागितला असता तर तवा तरी बोललो असतो. जागल्याचा अंगठा कोन घेतंय?"

सुंदररावांना उन्हाने टोकं दिसली नसतील, म्हातारी नजर. त्यांच्या गावातल्या कुणीतरी त्यांनाच फसवलं असणार. त्यांना जाऊन सांगितलं की ते स्वतः अमीनसाहेबांकडे येतील माझ्याबरोबर.

ता. २ इसफंदार

सुंदररावांकडे जाऊन आलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सुपारी कातरत होते, अडकित्ता एकदाही थांबला नाही. मग म्हणाले, "चित्र दुसऱ्या कुनाला दावलंस?"

"न्हाई. म्हाळूला ठावं हाय."

"म्हाळूचं सोड. हे बघ गहिनी, पावतीवर तुजी सही हाय, माजी न्हाई. माग तुज्या समक्ष वाघरीपर्यंत गेला, हे तू लिवलंस. आता न्हाई गेला म्हनशील, तर खोटा पंचनामा केल्याबद्दल तुलाच आत घालतील. पाटीलकी तर जाईलच. पाच पिढ्यांची हाय ती. त्या वहीचं पान फाडून चुलीत घाल. वय लहान हाय तुजं, म्हून सांगतो."

इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मला पटलंही. ओढ्यापाशी आल्यावर लक्षात आलं: बैल कुणी नेले असतील, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

ता. ३ इसफंदार

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पाटीलकी जाईल म्हटल्यावर डोळ्याला पदर लावेल.

ती म्हणाली, "तुज्या बापानं चाळीस वरसं लोकांचे अंगठे घेतले. कंदी कुनाला वाचून दावलं न्हाई. वाईट नव्हता तो. तशी रीत न्हाई म्हनायचा. मी दाराआड ऐकायची. कुनी सा महिन्यानं घरी आला, कुनी आलाच न्हाई." मग म्हणाली, "तू जा. जे बगितलं त्ये सांग, आन् जे न्हाई बगितलं त्येबी सांग. शिक्का गेला तर नांगर हाय."

भीती वाटते. कैदेची आहेच, पाटीलकी जाण्याची त्याहून जास्त, असं का ते कळत नाही. पण जायचं ठरलं.

ता. ६ इसफंदार

अमीनसाहेबांकडे अर्ज नेला: माझ्या पंचनाम्यात चूक आहे, दुरुस्ती करावी. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला. मिसल अदालतीत गेली, आता तिच्यात बोट घालायचा कुणाला हक्क नाही, म्हणाले. पेशी १५ तारखेला. तिथे पाटलाला एवढंच विचारतील, ही सही तुमची का? हो म्हणायचं आणि घरी यायचं.

मी विचारलं, आणि कुणी आणखी काही विचारलंच नाही तर?

"तो क्या, अच्छाच है."

चूक करायला मला एक दुपार पुरली. ती मागे घ्यायला या सगळ्या इमारतीत खिडकी कुठे आहे, तेच सापडत नाही. मी १५ तारखेला वही घेऊन जाणार.

ता. १५ इसफंदार. सुट्या कागदावर

वही जवळ नाही. का, ते लिहितो.

पुकारा झाला तसा आत गेलो. धुळाजी शिपायांच्या मधे, घोंगडी पांघरून. मनकर्णा दारापाशी. सुंदररावही साक्षीला आले होते, मला पाहून त्यांनी डोळे मिटल्यासारखे केले. मुन्सिफसाहेब तरुण आहेत, चष्मा लावतात, मान वर न करता बोलतात. हलफ, म्हणजे शपथ, घेतली. पेशकाराने दीड पान वाचलं आणि विचारलं, ही सही तुमची?

"सही माझी. मजकूर माझा नाही. आणि माझा होता तोही खरा नव्हता."

मुन्सिफसाहेबांनी मान वर केली. मराठी त्यांना समजतं, बोलतात थांबत थांबत. "पाटील, हलफेवर आहात. पुन्हा सांगा."

मी सांगितलं. माग वाघरीपर्यंत गेलेला मी पाहिला नाही. शेण नव्हतं. आरोपी पळाला नाही, तो माझ्यासमोर उभा होता. मेंढरं त्या पट्टीत मीच बसवायला लावली होती. पावती दिली तेव्हा खुराची टोकं तांबळदऱ्याकडे होती, आणि ते मी पाहूनही पाहिलं नाही. माझा आवाज कापला नाही. याचा मला अभिमान वाटतो.

"म्हणजे तुम्ही सरकारी कागदात खोटं लिहिलं."

"होय, साहेब."

"मग आज खरं बोलता, हे मी कशावरून मानू?"

मी वही पुढे केली. म्हटलं, ही त्याच दिवशी लिहिलेली आहे, तेव्हा मला स्वतःलाच काही कळलं नव्हतं. मुन्सिफसाहेबांनी चित्र पाहिलं, वही उलटसुलट करून सूर्य बघितला. मग पेशकाराला म्हणाले, पहिल्या पानापासून वाच.

पहिल्यापासून! मला वाटलं होतं, एकच पान. पेशकाराने भर कचेरीत सगळं वाचलं. गावात अमन आहे. हुरडा. पाठीवर हात ठेवला तेव्हा मला बरं वाटलं, ते. "अमीनसाहेब खुर्चीत बसले की खुर्ची कुरकुरते" हे वाचलं तेव्हा अमीनसाहेब खुर्चीत बसलेलेच होते. कुणी हसलं नाही, खुर्ची तेवढी वाजली. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. रात्री आई म्हणाली होती, नको ती पानं फाडून ने. मी फाडली नाहीत, कारण एक पान फाटलं की उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवणार.

मग म्हाळूला बोलावलं. मुन्सिफसाहेबांनी त्याला विचारलं, तू हे आधी कुणाला का सांगितलं नाहीस? म्हाळू म्हणाला, "साहेब, आज पैल्यांदा कुनी इच्यारलं."

सुंदरराव म्हणाले, मी म्हातारा, ऊन डोळ्यावर येत हुतं. मुन्सिफसाहेबांनी वहीत बोट घालून ठेवलं होतं. म्हणाले, "ऊन तर उगवतीचं होतं, आणि पाटील तुमच्यासमोर उगवतीकडे तोंड करून बसले होते. तुमच्या डोळ्यावर कसं आलं?" सुंदररावांचा अडकित्ता आज बरोबर नव्हता, हात नुसतेच हलत राहिले.

धुळाजी सुटला. सुटकेच्या कागदावर अंगठा घ्यायचा होता. पेशकार म्हणाला, डावा. धुळाजीने उजवा पुढे केला. "बायां, बायां!" पेशकार ओरडला. धुळाजी उजवाच धरून उभा. गोंधळून गेला असेल बिचारा. मुन्सिफसाहेबांनी, चालेल, म्हटलं आणि पुढचा पुकारा झाला.

सुंदररावांवर चौकशी लागली. माझ्यावरही. चौकशी संपेपर्यंत पाटीलकीचा शिक्का सरकारजमा करायचा आहे. वही मिसलीला लावली, ती परत मिळणार नाही.

ता. १९ इसफंदार

शिक्का देऊन आलो. कारकुनाने पोच लिहून दिली. मी ती आधी वाचली, मग घेतली. हलकं वाटतं आहे. धुळाजी अजून भेटायला आला नाही.

ता. ८ फर्वर्दी. नवी वही

धुळाजीची वाट पाहून आज मीच गेलो. खरं लिहितो: तो काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. पाटील, उपकार झाले, असं काहीतरी. वाटेत त्याला काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं.

वाघरीत लोकर कातरणं चाललं होतं. कातर मनकर्णाच्या हातात. धुळाजी मेंढरू गुडघ्यांत दाबून बसलेला. निम्म्याहून जास्त मेंढरं तशीच होती, आणि जी कातरली त्यांच्या अंगावर ठिकठिकाणी जखमा. मी हसून म्हटलं, "धुळाजी, कातर बायकोकडं कावून? आळस चढला काय?"

मनकर्णाने कातर खाली ठेवली. त्याच्या घोंगडीत हात घालून त्याचा डावा हात बाहेर काढला, आणि माझ्यासमोर धरला.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं वाकडी झालेली, मुळापाशी सुजून काळी. बोटं मिटत नाहीत. चाती वाघरीच्या खुंटीला टांगलेली, तिच्यावरचं सूत हवालातीत जायच्या आधीचं.

"तुमच्या वहीत समदं लिवलंय म्हनं," मनकर्णा म्हणाली. "बैलाचा खूर हाय. हुरडा हाय. सायबाची खुर्ची हाय. ह्ये कुठं हाय?"

 घोंगडी, मांडीवरची भाकरी, फासटलेला अंगठा, पेशकाराचं बायां, बायां. सगळं मी स्वतः पाहिलं होतं, आणि थंडी आहे म्हणून लिहून ठेवलं होतं. तेही भर कचेरीत वाचलं गेलं आणि तिथेही कुणाला काही दिसलं नाही. तिथेच मातीत बसलो. मला रडू आलं. मनकर्णाने ते पाहिलं आणि परत कातर उचलली.

धुळाजी म्हणाला, "जाऊ द्या पाटील. सुटलो न्हवं."

"मी पाटील न्हाई आता."

"मग काय करनार?"

घरी आलो, ही नवी वही आणि दौत घेऊन परत गेलो. आई बरोबर आली, म्हाळूलाही बोलावलं. दिवस मावळायला अजून अवकाश होता. आधी हाताचं चित्र काढलं. कुठलं बोट कुठे वाकलं, किती मिटतं, कुठे काळं आहे. मग धुळाजीला विचारलं: कोणत्या दिवशी, कुणी, कशाने, खोलीत आणखी कोण होतं.  तो सांगायला लागला, आणि मनकर्णाने त्याच्या मधे एक शब्द घातला नाही. त्याने सांगितलं तेवढंच लिहिलं. त्याला नाव ठाऊक नव्हतं तिथे नाव ठाऊक नाही असं लिहिलं.

या वहीतून त्याची नक्कल करून मुन्सिफसाहेबांच्या नावाने अर्ज केला. माझ्यावर चौकशी चालू असताना अमीनसाहेबांविरुद्ध अर्ज द्यायचा, म्हणजे शिक्का परत येईल ही आशा सोडायची. सोडली. उद्या पहाटे निघतो, म्हाळू बरोबर येतो आहे.

अर्ज धुळाजीला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. एके ठिकाणी तो म्हणाला, "असं न्हाई, दोनदा." तिथे दोनदा केलं. पुन्हा वाचला. मग म्हाळूने साक्षीचा अंगठा दिला, आणि धुळाजीने उजवा.